माझ्या ताटातलं घ्यावं

३ फेब्रुवारी

आज नव्या घरी आलो. ही रोजनिशी ह्यांच्या कचेरीतली, मागच्या कुठल्याशा वर्षाची, कोरीच राहिलेली. वार जुळत नाहीत, पण तारखा त्याच. कोरा कागद रद्दीत घालायचा म्हणजे माझ्या जिवावर येतं. हिशेबाची वही वेगळी आहे, तिच्यात मनातलं लिहायला रकाना नाही.

घर मुलाचं. पाचवा मजला, स्वयंपाकघराला ही मोठी खिडकी, ओट्याखाली खोल कपाट. सूनबाईने माझ्या देवासाठी एक फळी आधीच मोकळी करून ठेवली होती. एवढ्यानेच मला भरून आलं.

लिफ्टमध्ये गंमत झाली. मुलगा, सूनबाई, हे, मी आणि भांड्यांची ट्रंक, एवढे शिरलो तर घंटा वाजायला लागली आणि दार मिटेना. हे म्हणाले, ट्रंक फार भरलीस बाई. मी बाहेर पाऊल टाकलं आणि घंटा थांबली. मग ट्रंक वर गेली आणि मी मागून एकटी गेले.

जेवायला बसले तेव्हा ह्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, आले का पोटोबा? सूनबाई हसू दाबून ताटात बघत राहिली. चालायचंच, नवीन थट्टा नाही. पहिल्या घासाआधी आईने शिकवलेलं वाक्य मनात म्हटलं: जो कोणी भुकेला असेल त्याने यावं, माझ्या ताटातलं घ्यावं. आई म्हणायची, असं म्हटलं की अन्नाला हाव चिकटत नाही. आजवर कोणी आलं मात्र नाही. उलट मुलाने टाकलेला भात, सूनबाईने बाजूला सारलेली भाजी, पातेल्याच्या कडेचं, सगळं मीच संपवते. अन्न टाकायचं तरी कसं? हे म्हणतात, आमच्या घरी कचऱ्याच्या डब्याची उपासमार होते. सगळे हसले. मीही हसले.

१९ फेब्रुवारी

घरात गोड बातमी आहे. सूनबाईला दिवस गेले. विहीणबाई भेटायला आल्या होत्या. मी चहा घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि खुर्चीचा पाय मोडला. दोघांनी धरून उठवलं. विहीणबाई म्हणाल्या, आजकालच्या वस्तूंत दमच राहिला नाही हो. त्या असं म्हणाल्या नसत्या तर बरं झालं असतं.

नंतर दोघी मायलेकी आत बोलत होत्या. मी मुद्दाम ऐकलं नाही, पण कान झाकता येत नाहीत. सूनबाई सांगत होती की बाळाला बाई ठेवावी लागणार, आईंना वाकता येत नाही, दोन पावलांत धाप लागते, बाळ हातातून सुटलं तर? वाईट बोलली नाही पोर, खरं तेच बोलली. मी ओट्याशी उभी राहून बशीतली उरलेली बिस्किटं खाल्ली. डोळ्यांतून पाणी आणि तोंड चालूच. मग ओठ पुसले आणि बशी धुऊन ठेवली, कोणाला कळू नये म्हणून.

६ मार्च

मुलाने सर्जनकडे नेलं. वजनकाट्यावर उभी केली तेव्हा मी डोळे मिटून घेतले, जणू काटा माझ्याकडे बघतोय. सर्जन तरुण आहेत, बोलायला गोड. चित्र काढून दाखवलं. पोटाची पिशवी उभी कापायची, मोठा भाग काढून टाकायचा, केळ्याएवढी नळी ठेवायची. कडेला बारीक पिना मारतात, स्टेपलरने कागदांना मारतो तशा. भुकेचं मूळ त्या काढलेल्या भागातच असतं म्हणे, म्हणून भूकही जाते.

मी विचारलं, काढलेल्या भागाचं काय करता? ते हसले. म्हणाले, आजी, टाकून देतो, तुम्हाला हवाय का घरी न्यायला? मुलगाही हसला. माझ्या मनात मात्र तो शब्द राहून गेला. टाकून देतो.

१५ मार्च

ठरलं. देवासमोर पुष्कळ बसले. देवाने दिलेलं अंग कापून घ्यायचं, तेही रोग म्हणून नाही, जीभ आवरली नाही म्हणून! पण डोळे मिटले की मांडीवर बाळ दिसतं. मला ते उचलायचंय. सूनबाईने आपणहून माझ्या हातात द्यावं, एवढंच मागणं आहे.

खर्च मुलगा करतोय. तरी हिशेबाच्या वहीत नोंद हवी. औषधपाण्यात घालू की चैनीत, ते कळेना. रकाना कोरा ठेवला. बाहेर सगळ्यांना पित्ताचे खडे म्हणून सांगायचं ठरलंय. विहीणबाईंनाही. त्या म्हणाल्या, मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन. खोट्या खड्यांसाठी खरी प्रार्थना. कुठे फेडीन हे!

२८ एप्रिल

ऑपरेशन होऊन बरेच दिवस झाले. इतके दिवस नुसतं पाणी, सूप, पातळ खीर. आज मऊ भाताची परवानगी मिळाली. हात जुन्याच सवयीने चालला, ताट भरून वाढून घेतलं. वाक्य म्हटलं. तीन चमचे खाल्ले आणि घशाशी आलं.

जन्मात पहिल्यांदा माझ्या ताटात अन्न उरलं. टाकवेना. ओट्यावर झाकून ठेवलं आणि पडले. उठून बघते तर ताट लख्ख! शीत नाही, डाग नाही, पुसून ठेवल्यासारखं. ह्यांनीच खाल्लं असणार. देवाने माझी अडचण ओळखली, असं वाटलं.

१७ मे

वजन उतरतंय. कपडे मीच उसवून आत घेतले, निघालेल्या कापडाची फडकी शिवली. आज लिफ्टमध्ये चौघांबरोबर उभी राहिले, घंटा वाजली नाही. मनातल्या मनात नाचले.

उरलेलं रोज ओट्यावर ठेवते, रोज ताट स्वच्छ होतं. आज ह्यांना म्हटलं, गार अन्न इतकं आवडायला लागलं होय तुम्हाला? हे म्हणाले, मी कशाला खातोय? मग माझ्याकडे बघितलं आणि विषय बदलला.

संध्याकाळी समोरच्या बाई बसायला आल्या होत्या. मी दुपारपासून पाण्यावर होते. बोलता बोलता मला एवढा मोठा ढेकर आला, तळलेल्या कांद्याच्या वासाचा. त्या म्हणाल्या, तब्येत सुधारलेली दिसते! मी आत जाऊन बघितलं. सूनबाईसाठी परतून ठेवलेला कांदा कढईत नव्हता.

९ जून

फळं जातात. डब्यातली बिस्किटं जातात. सूनबाईला मळमळतं म्हणून उशाशी ठेवलेला पुडा गेला. दर वेळी मी दुसऱ्या खोलीत असते आणि दर वेळी ढेकर मला येतो. जे गेलं त्याच्याच वासाचा, चारचौघांत. तोंडावर हात ठेवते तरी येतो.

सूनबाईने जवळ बसवून समजावलं, आई, काही हवं असेल तर सांगून खा, लपून नको. आहार सांगणाऱ्या बाईंनी लहान मुलीला बोलावं तसं बोलून घेतलं. मी देवाची शपथ घेतली. तेव्हा ह्यांनी मान खाली घातली. मग वजन कसं उतरतंय, असं मी विचारलं तर मुलगा हळूच म्हणाला, आई, तू खाऊन ओकत तर नाहीस ना?

बेचाळीस वर्षांचा संसार. या घरात मी आता चोर आहे.

२४ जून

उरलेलं आज मुद्दाम कचऱ्याच्या डब्यात टाकलं. बाकीचे कामावर, हे झोपलेले. थोड्या वेळाने डबा आडवा पडल्याचा आवाज आला, मग लपलप, लपलप. माझं पोट भरत चाललं. घोट न घेता भरत चाललं.

मी गेले. डबा रिकामा. ओलसर पट्टा ओट्याखालच्या कपाटापर्यंत. दार उघडलं.

पिशवी. ओली, गुलाबी, उशीएवढी. श्वास घेतल्यासारखी फुगते, बसते. एका कडेला सबंध शिवण आणि शिवणीवर ओळीने बारीक पिना, कागदांना मारतो तशा. मधल्या पिना निघून शिवण तोंडासारखी उसवलेली.

मी लगेच ओळखलं. आपलं माणूस ओळखावं तसं.

दार लावलं. फरशी पुसली. कोणाला सांगू, आणि काय सांगू?

२ जुलै

वाक्य म्हणायचं सोडलं. तरी येतं. एकदा बोलावलं ते बोलावलंच. परत पाठवायचं वाक्य आईने शिकवलं नव्हतं. तिला तरी कुठे ठाऊक होतं कोणी येतं म्हणून.

आता मीच कपाटाशी ठेवते. पोटभर ठेवलं की गप्प असतं. घरातलं कमी पडतं, बोलणी मला बसतात. बसू देत. ठेवताना म्हणते, घ्या पोटोबा.

११ ऑगस्ट

नात झाली! सूनबाईने स्वतः माझ्या हातात दिली. मी वाकले, उचलली, खोलीभर फिरवली. धाप नाही, काही नाही. हातातून सुटली नाही. सूनबाई म्हणाली, आई, तुमच्याकडे कशी शांत होते बघा. देवा, आता काही नको.

२३ ऑगस्ट

बाळाच्या दुधाचा डबा. नवा, कालच आणलेला. आज आतून चाटून ओला. आणि मला, सूनबाईच्या समोर —

ती ओरडली नाही. रडली. म्हणाली, आई, बाळाचं पण?

खरं सांगायला तोंड उघडलं. कपाट उघडून दाखवणार होते. मग मनात आलं, दिसलं तर? माझ्या पोटातून निघालेलं हे, असं, सगळ्यांनी बघायचं? विहीणबाईंनी बघायचं? त्यापेक्षा चोर बरी.

म्हटलं, हो. मीच खाते. चुकले.

सगळे एकदम मऊ झाले. मुलाने मिठी मारली. कबूल केलंस यातच सगळं आलं, म्हणाला. उद्यापासून स्वयंपाकघराला कुलूप, माझ्या भल्यासाठी. किल्ली सूनबाईकडे. मी मान हलवली. आत ते आहे, एवढं मात्र मी बोलले नाही.

२७ ऑगस्ट

कपाटांतलं, फडताळांतलं सगळं बंद डब्यांत आणि वर दाराला कुलूप; ओट्याखालचं कपाट तेवढं मी कोणाला आवरू दिलं नाही. माझी वाटीभर खीर सूनबाई मोजून बाहेर ठेवते. तिला कसं पुरणार? तिला, म्हणजे त्याला. काय म्हणू? माझ्याच पोटचं.

कुलपाच्या आतून ओलं घासल्याचा आवाज. हे म्हणतात, नळ गळत असेल.

मला भूक लागते. मला नाही. पण लागते.

१ सप्टेंबर

खीर दाराच्या फटीतून सरकवली. पुरली नाही. दाराची खालची कड ओली. फट बोटभर आहे. ते मऊ आहे —

सांगायला हवं. उद्या सांगते.

४ सप्टेंबर

नाही सांगितलं. सूनबाईने आज विहीणबाईंसमोर माझं कौतुक केलं, आईंनी किती निग्रह केला म्हणून. कसं सांगू?

७ सप्टेंबर

बाळाला सांभाळणारी बाई आली नाही. हे बँकेत गेले. सूनबाईला कामावरून बोलावणं आलं. म्हणाली, आई, तासाभराचा प्रश्न आहे, तुमच्यावर सोडून जाते. तुमच्यावर. मी वाट बघितलेला शब्द. नको म्हणायला हवं होतं. म्हटलं, जा गं, निश्चिंत जा.

बाळ खोलीत निजवलं. पलंगाखाली बघितलं, कपाटात बघितलं. काही नाही. खिडकी लावली. दाराला बाहेरून कडी घातली आणि दाराला पाठ लावून इथे बसले आहे. पुढ्यात ताट, ताटात माझी खीर. स्वयंपाकघराचं दार समोर दिसतंय. इकडे यायचं तर माझ्यावरून यावं लागेल. जागेवरून हलू नये म्हणून लिहितेय.

वाक्य म्हटलं. मोठ्याने म्हटलं. माझ्या ताटातलं घे. हवं तर मला घे. परत ये, जागा आहे तुझी.

काही हलत नाही. आतून घासल्याचा आवाज नाही. सकाळपासूनच नव्हता का?

बाळ रडतंय. समोरच्या बाईंनी दार वाजवलं, काय झालं विचारायला. हाक मारू? आत या म्हणू? आल्या तर बघतील. आतूनच म्हटलं, काही नाही हो, भूक लागलीय तिला.

गेल्या.

बसले तिथे फरशी ओली आहे. मी खीर सांडलेली नाही. पट्टा — स्वयंपाकघरापासून नाही — माझ्याच खालून निघून — दाराखालून आत —

रडणं थांबलं. झोपली असेल. देवा, झोपली असेल.

ताट भरलेलंच आहे. मी घास घेतला नाही. पोट भरत चाललंय. गच्च. कधी भरलं नव्हतं इतकं — कडी निघत नाही, हात ओले —

ढेकर आला. दुधाचा. दुधाचा आणि तिच्या अंगाला लावतात त्या पावड