व्हॉलीबॉल नव्हे, आबा

आबा, मी व्हॉलीबॉल उभ्या जन्मात कधी खेळले नाही. जाळीच्या अलीकडून पलीकडं चेंडू मारायचा, तो व्हॉलीबॉल. मी खेळले तो बास्केटबॉल. उंचावरच्या लोखंडी कडीत चेंडू घालायचा आणि तो घालेपर्यंत समोरच्या पोरींच्या कोपरांचा मार खायचा. तुम्ही होता तेव्हा हे किती वेळा घसा कोरडा करून सांगितलं असेल! तुम्ही मान हलवायचात, "व्हय व्हय, कळलं की" म्हणायचात, आणि पारावर जाऊन पुन्हा तेच: "पोरगी सोलापूरला व्हॉलीबॉल खेळती." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्याचं निस्तरणं माझ्याच नशिबी. काल गावानं माझा सत्कार ठेवला होता. सकाळी फाट्यावर उतरते तर समोर हा थोरला फ्लेक्स. माझा फोटो, हातात माझा नारिंगी चेंडू, आणि खाली ठळक अक्षरात 'गावची शान, व्हॉलीबॉलपटू'. माझं डोकंच फिरलं.

तुम्हाला तो दिवस आठवतो का, हॉस्टेलवर आला होतात तो? मी नववीत आहे. राज्याच्या संघात निवड झाल्याचं सरांनी नुकतंच सांगितलंय आणि मी अजून जमिनीवर नाही. तेवढ्यात शिपाईमामा सांगत येतात, घरून कुणी आलंय. फाटकाशी तुम्ही उभे. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, अंगाला मेंढरांचा वास, मंगळवेढ्याच्या एस्टीतून उभ्यानं आल्यामुळं धोतराचा चोळामोळा. पिशवीतून तुम्ही नवाकोरा पांढरा चेंडू काढता आणि सगळ्या पोरींच्या देखत माझ्या हातात देता. व्हॉलीबॉल! माझ्या डोळ्यांत रागानं पाणी येतं. "हा नाही हो आबा लागत मला!" तुम्ही चेंडूकडं बघता, माझ्याकडं बघता. "का गं, बॉलच न्हवं का त्यो? भारीतला हाय, घे की." पोरी तोंडावर हात धरून खिदळतात. तो चेंडू मी ट्रंकेच्या तळाशी घातला, तो पुन्हा काही बाहेर काढला नाही.

पुढं मी काय काय केलं ते तुम्हाला कुठं ठाऊक? ठाऊक करून घ्यायची तसदी तरी घेतलीत का? खेळाच्या जोरावर नोकरी लागली, मग लीग निघाली आणि नुसतं खेळण्यासाठी करार झाला. पगार घेऊन खेळणारी बाई, आपल्या अख्ख्या पंचक्रोशीत पहिली! माझं काम बोर्डाखालचं. हुकलेला चेंडू उडी मारून धरायचा, चार जणी अंगावर आल्या तरी सोडायचा नाही. नाक फुटलं, बोटं वाकडी झाली ती कायमची. शेवटी गुडघ्यातली दोरी तुटली, ऑपरेशन झालं, आणि पुन्हा उभी राहून मी आणखी दोन वर्षं खेळले. मॅच टीव्हीवर लागायची तेव्हा मी फोन करून सांगायची, "आबा, आज बघा." तुम्ही म्हणायचात, "मेंढरं लई लांब हायती गं." नेमकी त्याच दिवशी लांब!

म्हणून काल फ्लेक्स बघितल्यावर मी सरपंचांना भर चौकात झाडलं. बिचारे हात जोडून म्हणाले, "ताई, तुमच्या आबांनीच सांगितल्यालं की आमाला. आमी आपलं तेच छापलं." तशीच पाय आपटत आत्याच्या घरी गेले. आत्या चुलीपुढं भाकरी थापत होती. माझं सगळं ऐकून घेतलं, तव्यावरची भाकरी उलथली आणि म्हणाली, "त्याला समदं ठावं हुतं, बये. तुझा पयला फोटू पेपरात आला तवा त्यो पेपर घिऊन पारावर गेल्ता. बास्केट म्हंजी काय, कुनीतरी इचारलं. मास्तरनं सांगितलं, पाटी. बास, समदी लागली खिदळाय. मेंढक्याची पोर, वावरात लेंड्या येचून पाटीत भरायची, आता शेरात जाऊन पाटीत बॉल भरती म्हनं! तुला पाटीवाली म्हनाय लागली की. त्या दिशी त्यो जेवला न्हाय. दुसऱ्या दिसापस्नं व्हॉलीबॉल म्हनाय लागला. व्हॉलीबॉल गावातली समदीच खेळत्यात, त्याला कोन हसनार? त्यो पांढरा बॉलबी आदी पारावर दावला आन् मग एस्टीत बसला."

ऐकलं, आणि खरं सांगते आबा, मला रडू आलं नाही, संताप आला. अहो, भांडायचं होतं! वावरात मेंढरं बसवायला कुणी आडवं आलं तर काठी घेऊन उभे राहणारे तुम्ही, चार रिकामटेकडी माणसं लेकीला हसली तर तुमची जीभ उचलली नाही? "व्हय, पाटीतच घालती, तुमची घालत्यात का?" एवढं तरी म्हणायचं! मी ज्या नावासाठी हाडं मोडून घेतली ते नाव तुम्ही काखेत लपवलंत, चोरीचा माल असल्यासारखं. लेंड्या वेचल्या त्याची मला लाज नव्हती हो. तुम्हाला का वाटावी? आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत. मी आपली माझ्या बापाला अडाणी समजत राहिले.

संध्याकाळपर्यंत सरपंचांनी नवा फ्लेक्स आणवला, 'बास्केटबॉलपटू' लिहिलेला. मंडप भरला. प्रमुख पाहुणे माईकवर आले आणि हसत हसत म्हणाले, "बघा मंडळी, बापाला बिचाऱ्याला खेळाचं नावसुद्धा धड ठाऊक नव्हतं, तरी पोरगी कुठल्या कुठं गेली!" हशा पिकला. पुढच्याच रांगेत पारावरचे ते म्हातारे, अजून आहेत त्यातले काही, बोळकी उघडून हसत होते.

बोलायची पाळी आली तेव्हा लिहून आणलेलं भाषण मी हातातच चुरगाळलं. म्हणाले, "आबांना ह्या खेळातलं सगळं कळत होतं. माझी एकूण एक मॅच त्यांनी बघितली. हरले की फोनवर माझ्या चुका मलाच दाखवायचे."

हे कुठं धाडायचं नाही म्हणून लिहिते आहे, नाहीतर तोंडानं कबूल केलं नसतं. धादांत खोटं बोलले, आबा. एक मॅच बघितली नाहीत तुम्ही. तुमच्यावरचा राग तसूभर कमी झालेला नाही. पण ते तुम्हाला हसले, ते मला सहन झालं नाही.