तुझ्या लेकीच्या बाप्तिस्म्याआधी

प्रिय ताई, सलाम.

१. सोमवारी मी हॉस्पिटलमधल्या यंत्रांच्या फेरीत बाळांच्या वॉर्डातला व्हेंटिलेटर तपासला.
२. बुधवारी त्यावरचं बाळ गेलं.
३. चौकशीत यंत्र निर्दोष ठरलं.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. चौकशीसाठी यंत्र न्यायला गेले तेव्हा बाळाची आजी म्हणाली, "देवाची इच्छा. आमेन म्हण, पोरी." मी आमेन न म्हणता यंत्राची वायर गुंडाळत राहिले. अजून रोज प्रार्थनेला बसते, पण उठते ती प्रश्न घेऊनच.

छकुलीची सर्दी गेली का?

तिची धर्ममाता म्हणून मला बाप्तिस्म्याच्या वेळी सर्वांसमोर "मी विश्वास ठेवते" म्हणायचंय. आज ते खरं आहे का, मलाच ठाऊक नाही. खोटं मात्र म्हणणार नाही. बाबांना एवढ्यात सांगू नकोस.

अशी धर्ममाता चालेल का? चालणार नसेल तर दुसरी बघ, मी रुसणार नाही. शुक्रवारपर्यंत कळव.

तुझी,
धाकटी