चार दिवसांची गैरहजेरी

बाई, त्या सकाळी मी गोठ्यातलं शेण काढलं, अंगण झाडलं आणि मागच्या दारी बसून खराट्यासाठी नारळाच्या झावळ्यांचे हीर काढत होते. विहिरीला हात लावायचा नव्हता, चुलीकडे जायचं नव्हतं, पण बाहेरची कामं काही चुकत नव्हती. शाळेची पहिली घंटा झाली. वडील केळ्यांचा लोंगर खांद्यावर घेऊन वाडीतून आले आणि मला बघून थांबले. "आज शाला नाय काय गो?" आतून आई म्हणाली, "नाय. चार दिस नाय जायाची." लोंगर खाली ठेवून वडील म्हणाले, "पण गणिताची चाचणी हाय बोलत होती ना ती?" दहावीतली मुलगी मी, मान खाली घालून हीर सोलत राहिले. चाचणी त्याच दिवशी होती.

तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण आता ते कुणीच लिहीत नाही. शाळेला जागा मिळाली ती पानमळ्याच्या पलीकडे. मालकांनी जागा फुकट दिली, येण्याजाण्याची वाट आपल्या मळ्यातून दिली आणि तोंडी एक अट घातली. पानवेलीला विटाळ चालत नाही, वेल सुकतो, म्हणून त्या दिवसांत मुलींनी मळ्यातून यायचं नाही. आठवीच्या वर्गात मुलांना खेळायला पाठवून, दार लावून, ही अट तुम्हीच आम्हाला सांगितलीत. दुसरी वाट खाडीकाठच्या खाजणातून होती. भरतीला तिथे गुडघाभर चिखल, आणि ओल्या परकराने दिवसभर वर्गात बसायचं. एकदा गेले मी तशी. दुसऱ्यांदा गेले नाही. मुलगे मात्र रोज मळ्यातून यायचे, कोवळी पानं खुडायचे, एकमेकांच्या खिशात कोंबायचे. त्यांच्याने वेल कधी सुकला नाही.

महिन्याचे चार दिवस, वर भातलावणीचे. हजेरीपत्रकात माझ्या नावापुढे लाल खुणा पडत गेल्या. वर्गशिक्षिका तुम्ही, खुणा करणाऱ्याही तुम्ही. मला घरी राहायला सांगणारं तोंड आणि मला गैरहजर लिहिणारा हात एकाच माणसाचा होता, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही. मला वाटायचं, चूक माझ्या अंगाची आहे.

आज हे उकरून काढायचं कारण सांगते. शाळेच्या महोत्सवाची पुस्तिका निघते आहे. गेल्या आठवड्यात शाळेतले एक तरुण मास्तर घरी आले. चांगला मुलगा आहे, चपला बाहेर काढून, पाणी मागून प्यायला. "काकू, बाईंच्या आठवणींची दोन पानं द्या. तुम्ही वाचणाऱ्या आहात, सगळे तुमचंच नाव सांगतात. चांगलं चांगलं लिहा." मी विचारलं, "आणि वाईट कोणी लिहायचं?" तो हसला. मग कौतुकाने त्याने शाळेच्या इतिहासाचं टाइप केलेलं पान दाखवलं. त्यात एक वाक्य होतं: त्या काळी पालकांमध्ये मुलींच्या शिक्षणाविषयी जागृती नसल्याने बहुतेक मुली दहावीपूर्वीच शाळा सोडत, तरीही बाईंनी घरोघरी जाऊन मुलींना शाळेत आणले.

मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, कुठल्या दुसऱ्या गावचं असेल.

जागृती नसल्याने! माझे वडील सही करताना अडखळायचे, पण कंपासपेटी आणायला पालघरला चालत गेले होते. परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली आणि तुम्ही सगळ्या वर्गासमोर मला उभं केलंत. "हजेरी भरत नाही तुझी. फॉर्म मिळणार नाही. घरी सांग." दुसऱ्या दिवशी वडील धुतलेली टोपी घालून, केळ्यांची फणी घेऊन शाळेत आले. मी दाराशी उभी होते. मुख्याध्यापक म्हणाले, "मुलीला रोज पाठवायला नको? आता येऊन काय उपयोग?" वडील म्हणाले, "सायेब, ती का येत नाय ते तुमाला ठाव हाय." "मला काय ठाऊक असणार?" वडिलांनी तुमच्याकडे बघितलं. परक्या पुरुषासमोर पोरीच्या अंगाची गोष्ट त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. तुम्ही बाई होतात, तुम्हाला शक्य होतं. तुम्ही वह्यांचा गठ्ठा नीट करत होतात, आधीच नीट असलेला. वडील टोपी काढून म्हणाले, "चुकी आमची असंल," आणि केळी टेबलावर ठेवून निघाले. त्यांचं ते गप्प राहणं आता पुस्तिकेत जागृतीचा अभाव म्हणून छापून येणार.

मग तुम्ही मला भूमितीचं स्वतःचं पुस्तक दिलंत. वर कव्हर घातलेलं, आत तुमचं सुंदर अक्षर. "परीक्षा नाही तर नाही, वाचत राहा." मी ते देवाच्या प्रसादासारखं घेतलं. लग्न होऊन सासरी, माकुणसारला आले तेव्हा ते ट्रंकेत होतं. पुढे मी खरंच वाचत राहिले. आमचे हे बोईसरला कारखान्यात पाळीवर जायचे, येताना वाचनालयातून पुस्तक आणायचे, कधी बघून, कधी नुसतं जाड आहे म्हणून. ते गेल्यावरही मी वाचते, पण नवीन पुस्तक संपलं की कुणाला सांगायचं, हा प्रश्न रोज संध्याकाळी येतो आणि रोज तसाच राहतो. लोक म्हणतात, काकू स्वतःच्या स्वतः शिकल्या. मला हे कौतुक नको वाटतं. स्वतःच्या स्वतः शिकायची हौस नव्हती मला. मला वर्ग होता, बाक होता, खिडकीजवळचा.

तरीही मी तुमच्यावर रागावले नव्हते. राग आला तो तुमच्या शेवटच्या आजारपणात. मी चिकू घेऊन तुम्हाला भेटायला सफाळ्याला आले होते. तुम्ही उशीला टेकून बसला होतात, जुन्या गोष्टी निघाल्या आणि तुम्ही हसत म्हणालात, "अगं, मी तर रोज त्याच मळ्यातून यायचे. महिन्याला चार दिवस रजा कोण देणार होतं मला? नोकरी गेली असती. आणि वेल कुठे सुकले? दर पावसाळ्यात पानं ही एवढी!" मीही हसले. तुमच्यासाठी चिकू सोलून दिला. घरी येऊन तांदूळ निवडायला बसले आणि हात थांबला.

तुम्हाला माहीत होतं. वर्षानुवर्षं, दर महिन्याला, तुम्ही चालून बघत होतात की काही होत नाही. आणि शाळेत पोहोचून, खुर्चीवर बसून, आमच्या नावापुढे लाल खूण करत होतात. मालकांना दुखवता येत नव्हतं, समजतं. एकटी बाई, बाहेरगावची, पोटाची नोकरी, तेही समजतं. पण हजेरीची एक निळी खूण, बाई? ती करायला कुणाची परवानगी लागत होती? एवढं विचारायचं होतं. मी पुन्हा येईन म्हणाले होते. मी पुन्हा आले त्या दिवशी तुमच्या दाराला कुलूप होतं, आणि शेजारणीने तेरावाही झाल्याचं सांगितलं.

मास्तर गेल्यावर मी इतकी तापले होते की बोईसरला मुलीला फोन लावला. ती तिथे औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे. मी सगळं सांगितलं, आजोबांची टोपी, केळी, तुमचं हसणं, सगळं. तिने ऐकून घेतलं. मागे यंत्रांचा आवाज येत होता, कुणीतरी हिंदीत तिला हाका मारत होतं. ती म्हणाली, "आई, एक विचारू? माझ्या शाळेच्या वाटेवर पानमळा होता?"

"नव्हता."

"डांबरी रस्ता होता. मग मला का ठेवायचीस घरी?"

मी म्हटलं, "अगं, तेव्हा आपल्याकडे तसंच..."

"तेच तर तुझ्या बाई पण म्हणाल्या असत्या," ती म्हणाली. रागाने नाही. "चल, ठेवते. सुपरवायझर बघतोय."

फोन ठेवून मी ओटीवर बसले. माझी मुलगी दहावीला बसली, पास झाली, म्हणून मी ते दिवस कधी मोजलेच नव्हते. तिची विज्ञानाची तोंडी परीक्षा एकदा हुकली होती. तिच्या मास्तरांना चिठ्ठी मी लिहिली होती: ताप आहे. माझ्या सुंदर अक्षरात. ते अक्षर मी तुमचं बघून गिरवलेलं. तुमच्यावर ओरडायला बसले आणि इथे येऊन अडकले. राग कमी झाला असं समजू नका. तो आता दोन माणसांवर आहे, एवढंच.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, हे मला कळतं. ते ट्रंकेतही ठेवणार नाही. पण पुस्तिकेची दोन पानं वेगळ्या कागदावर लिहायला घेतली आहेत.

एवढं मागाहून जोडते. पानं पुरी झाली आणि दुसऱ्या दिवशी, शाळा भरायच्या वेळी, मी ती घेऊन शाळेत गेले. मास्तरांनी पानं उभ्या उभ्या वाचली, त्यांचे कान लाल झाले. "काकू, हे असं छापायचं?" मी म्हटलं, "असंच. आणि ते जागृतीचं वाक्य काढा." मी वडिलांचं लिहिलं आहे, हजेरीचं लिहिलं आहे, माझ्या मुलीला तापाची खोटी चिठ्ठी दिली तेही लिहिलं आहे. तुम्ही रोज त्या मळ्यातून येत होतात, हे मात्र मी लिहिलं नाही.