पाण्यावरचे सहासष्ट किलोमीटर

म्हसळा,
ता. ९ जानेवारी २०२४

चि. करमअली यास कुबराआपाच्या अनेक दुवा. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं विचारू नकोस. चौतीस वर्षं एसटीच्या खडखडाटात तिकिटं फाडून तुझे कान गेले. फोनवर मी एक बोलते आणि तू भलत्याचंच उत्तर देतोस. कागदाला निदान ऐकू यावं लागत नाही.

फहाद दोह्याहून महिनाभर आला होता, परवा गेला. जाताना चिरंजीवांनी निकाल लावला. माझी गाडी म्हणे पेट्रोल पिते, आणि पंचवीस वर्षांच्या गाडीवर खर्च करणं हा वेडेपणा आहे. एप्रिलमध्ये तिचं पासिंग संपतं. त्याआधी तिने लिटरला पंधराचा अ‍ॅव्हरेज दाखवला तर आणखी पाच वर्षं ठेवायची. नाहीतर गाडी मोडीत आणि मी तळोज्याला, त्याच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, माहीन आणि मुलांबरोबर. गाडी नसली तर मला माणगावला डॉक्टरकडे कोण नेणार, असं त्याचं म्हणणं. तो फ्लॅट मी पाहिला आहे. तिथे वाऱ्यालासुद्धा वर येण्याआधी रखवालदाराच्या वहीत सही करावी लागत असेल.

सूनबाई समोर बसली होती. तिच्यासमोर माघार कशाला, म्हणून मी फुशारकीने हो म्हटलं. जिभेला हाड नसतं ते हे असं. आता रात्री नीट झोप लागत नाही. मला इथून जायचं नाही, करमअली.

गाडी तुझ्याकडे आहे, कारण माझ्या गुडघ्यांना क्लच झेपत नाही आणि महिन्यातून दोनदा तूच ती घेऊन माझ्याकडे येतोस. तेव्हा मोजमाप तुला करायचं आहे. टाकी फुल कर, पंपावरची नळी आपोआप बंद होते तिथे थांब. मग गाडी फिरव आणि त्याच पंपावर तितकीच पुन्हा भर. मधे जेवढं अंतर झालं त्याला जेवढं पेट्रोल मावलं त्याने भाग. भागाकार तुला येतो असं गृहीत धरते. केबल तुटल्यापासून किलोमीटरचा आकडा थांबलेला आहे, पण तुला एसटीचे टप्पे पाठ आहेत आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा. तेवढ्यावर भागव.

लोभ आहेच, तो टाकीसारखा काठोकाठ ठेव. सांडू मात्र देऊ नकोस.

तुझी आपा,
कुबरा


मुरुड,
ता. १२ फेब्रुवारी २०२४

ती. कुबराआपास करमअलीचा सलाम. वि. वि.

भागाकार मला येतो. तुम्ही मास्तर लोक वर्गात बसून कागदावरचे आंबे वाटता. मी चालत्या गाडीत एका हाताने दांडा धरून सत्तर माणसांची बेरीज जुळवली आहे, त्यातली दहा बोंबील घेऊन उभी. असो.

गाडी आधी विनेशच्या गॅरेजला नेली. त्याने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. म्हणाला की काकांनी ही सरळ भंगारात द्यावी, नव्या गाडीत अ‍ॅव्हरेज समोर आपोआप दिसतो. ज्याला आकडा सांगायलाही गाडीच लागते त्याने मेकॅनिक तरी कशाला व्हावं? शेवटी मीच हात काळे केले. एअर फिल्टर उघडला तर आत इतकी माती की मिरचीची रोपं लावता आली असती. प्लग घासले, कार्बोरेटर धुतला, चारी टायरांत नीट हवा भरली. टपावरचा कॅरियर काढून टाकला, तो नुसता वारा अडवत होता. डिकीत तुझे फळ्यावरचे लाकडी कंपास, कोनमापक आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे निघाले, तांदळाच्या काट्यावर सोळा किलो भरले. तुला निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, गाडी बिचारी अजून शाळेत जात होती.

चालवायचीही रीत असते. माझा मुलगा अफान क्लचवर पाय ठेवूनच झोपतो, म्हणून त्याला चावी दिली नाही. काटा बंद असला तरी अंदाजाने मी पन्नासच्या वर गेलो नाही आणि ब्रेक लागेल असं चालवलं नाही. काशिदच्या चढाला मागच्या मुंबईकरांनी हॉर्न मारून जीव खाल्ला असणार. मला ऐकू आलं नाही, अल्लाची मेहरबानी.

आता आकडे, नीट वाच. मुरुड-अलिबाग दोनदा जाऊन-येऊन, कानाच्या मशीनसाठी: आठ टप्प्यांचे चार प्रवास, बत्तीस टप्पे. मुरुड-म्हसळा एकदा जाऊन-येऊन: अठराचे दोन, छत्तीस टप्पे. एकूण चारशे आठ किलोमीटर. पेट्रोल मावलं बावीस लिटर. आपा, साडेअठरा पडले. साहेबांनी पंधरा मागितले होते. वरचे साडेतीन त्यांना माझ्याकडून ईदी दे.

लोभ वाढवायला हरकत नाही, आता परवडेल.

तुझा भाऊ,
करमअली


म्हसळा,
ता. २६ फेब्रुवारी २०२४

चि. करमअली यास कुबराआपाच्या दुवा, या वेळी मोजक्याच. वि. वि.

परवा शनिवारी तू मला तुझ्या लेकीच्या, यशराच्या मंगणीसाठी मुरुडला घेऊन गेलास. दिघीला गाडी फेरीबोटीत चढवलीस, इंजिन बंद केलंस, हँडब्रेक ओढलास आणि चहाला वर गेलास. मी गुडघ्यांपायी गाडीतच बसून राहिले. वेळ जावा म्हणून पर्समधून तुझं पत्र काढलं. येताना सवयीने मी रस्त्याकडेचे दगड मोजत आले होते. माझ्या दारापासून दिघी चौतीस. पलीकडे उतरल्यावर पुन्हा मोजले, आगरदांड्यापासून तुझं घर आठ. झाले बेचाळीस. तुझ्या कागदावर मात्र एका खेपेचे अठरा टप्पे, म्हणजे एकशे आठ.

अठरा टप्पे हे रोहा-माणगाववरून वळसा घालणाऱ्या तुझ्या जुन्या एसटीचे. त्या रस्त्याने तू निवृत्त झाल्यापासून एकदाही आलेला नाहीस. दर खेपेला फेरीबोटीनेच येतोस. म्हणजे उरलेले सहासष्ट किलोमीटर माझी गाडी इंजिन बंद करून, चार रिक्षा आणि एका कोंबड्यांच्या टेम्पोच्या मधे उभी राहून, पाण्यावरून धावली. जाताना सहासष्ट, येताना सहासष्ट. त्या कोंबड्यांचाही अ‍ॅव्हरेज तुझ्या हिशेबाने चांगलाच पडला असेल.

खरे किलोमीटर दोनशे शहात्तर. भागिले बावीस, साडेबारा. पंधरासुद्धा नाहीत.

तुझी कानउघाडणी करायला बसले होते, पण आधी माझीच करायला हवी. एकतीस वर्षं पोरांच्या वह्यांवर लाल शाईने लिहीत आले की उत्तर पडताळून पाहा. स्वतःला हवं ते उत्तर आलं, तेव्हा मी पडताळलं नाही. तुझं पत्र आलं त्याच दुपारी फहादला कळवलं, आणि नुसतं कळवलं नाही, दोन पानं भरून मिरवलं. ज्या गाडीला तू भंगार म्हणालास तिने तू इथे भाड्याने घेतलेल्या नव्या गाडीपेक्षा जास्त दिले, असंही लिहिलं. त्याने फोनवरून सांगितलं की अम्मी जिंकली, एजंटाला सांगून पासिंग करून घेतो, तळोज्याचा विषय संपला. त्या दिवशी मी दोन डबे भरून शेजारी खीर वाटली. आता ती खीर परत मागायची तर कोणत्या तोंडाने?

काय करायचं ते मला सांगू नकोस. फक्त एवढं लिही, हे तू जाणूनबुजून केलंस का?

लोभ तूर्तास आहे तिथेच थांबवला आहे.

कुबरा


मुरुड,
ता. २ मार्च २०२४

ती. कुबराआपास करमअलीचा खालच्या मानेने सलाम. वि. वि.

खुदाची कसम, जाणूनबुजून नाही. मी नोकरीत होतो तेव्हा आम्हा मुरुडकरांना गाडी घेऊन पलीकडे जायची सोयच नव्हती. मुरुड-म्हसळा म्हटलं की माझ्या तोंडातून अठरा निघतात, जसे तुझ्या तोंडातून सतरा सक म्हटलं की एकशे दोन. मी रस्ता मोजला नाही, तिकीट मोजलं. मंगणीच्या घरी तू जेवताना एक शब्द बोलली नाहीस, तेव्हा मला वाटलं बिर्याणी बिघडली.

पण झालं ते झालं. तू गप्प बस. तो एजंट पासिंग करून आणेल, मी गाडी चालवीन, कोणाला काय कळणार आहे? आणि आपा, ज्या मुलाने आई कुठे राहणार हे पेट्रोलवर ठरवलं, त्याच्याशी एवढं सचोटीने कशाला वागायचं? थंडगार गाडीत बसून वाळवंटातल्या गुळगुळीत रस्त्यावर फिरणारा हा माणूस. त्याला आपल्या घाटातून दुसऱ्या गिअरमध्ये एकदा चढवला पाहिजे. लहानपणी म्हसळ्याहून श्रीवर्धनपर्यंत याला दोनदा उलटी व्हायची, मीच पिशवी धरायचो. तो आता अ‍ॅव्हरेज विचारतो.

एक खरं सांगतो, हसू नकोस. घरात सगळे माझ्याशी खुणांनी बोलतात. चहा, जेवण, औषध, संपलं. अफानला माझ्यासमोर दोनदा तोंड उघडायचा कंटाळा. पूर्ण वाक्यं मला फक्त तुझ्या पत्रात मिळतात, मग त्या शिव्या का असेनात. तळोज्याला गेलीस की तू फोनची होशील, तिथे सगळे होतात. तू गेलेली मला नको आहे. म्हणून म्हणतो, गप्प बस.

लोभ थांबवला आहेस तो सोड, मागे गाड्या खोळंबल्या आहेत.

तुझा,
करमअली


म्हसळा,
ता. ७ मार्च २०२४

चि. फहाद यास अम्मीच्या अनेक दुवा. वि. वि.

फोनवर तू मधेच घाईत आहे म्हणतोस, म्हणून लिहिते. शेजारची सुचिता या कागदाचा फोटो काढून तुला पाठवील. शेवटपर्यंत वाच.

गाडीचे साडेअठरा मी कळवले होते ते चूक आहे. मामूने फेरीबोटीने केलेल्या खेपेला जुन्या एसटीच्या रस्त्याचे किलोमीटर धरले. त्याने ते चुकून धरले आणि मी न तपासता तुझ्यापुढे मिरवले, तेव्हा दोष माझा जास्त. खरा आकडा साडेबारा. तू पंधरा मागितले होतेस. एजंटाला पासिंगची तसदी देऊ नकोस.

तुला सहामाहीच्या गणितात मी चौतीस दिले होते. शिक्षकांच्या खोलीत सगळे म्हणाले की बाई, आईच आहात, एक गुण देऊन टाका. मी दिला नाही, आणि तू आठवडाभर माझ्याशी बोलला नाहीस. आज मला अडीच कमी पडले आहेत. ते मी स्वतःला देणार नाही. गाडी सोमवारी मोडीत जाईल. तुझे अब्बा तुला पहिल्यांदा विमानतळावर सोडायला हिच्यातूनच गेले होते. मला वाईट वाटतं आहे, खोटं कशाला सांगू.

आता माझं. मामूचा हट्ट होता की मी गप्प बसावं. गप्प बसून इथे राहायचं तर जन्मभर चोरून राहिल्यासारखं झालं असतं, ते मला जमायचं नाही. पण हा हिशेब पुन्हा तपासायला बसले तेव्हा दुसरीच चूक सापडली, आणि ती मामूची नव्हती. तुझ्या पेपरात प्रश्न दोन होते. गाडी लिटरला किती जाते, हा पहिला. तुझी आई कुठे राहणार, हा दुसरा, आणि तो तू पहिल्याच्या उत्तरावर टांगून ठेवलास. मी त्याच वेळी पेपर परत करायला हवा होता. केला नाही, कारण महिनाभरात तू मला विचारलेला तो एकच प्रश्न होता.

डॉक्टरकडे मी एसटीने जाईन, गुडघे फार दुखले तर सुचिताच्या नवऱ्याच्या रिक्षाने. मामूलाही सांगितलं आहे की पायी फेरीबोटीत चढ आणि दिघीहून एसटी पकड. तो कुरकुरतो आहे, पण येईल.

बोर्डाच्या पेपरात प्रश्नच चुकीचा छापला गेला तर काय करतात, ते शिक्षिकेच्या मुलाला सांगायला नको. परीक्षार्थीला पूर्ण गुण देतात. मी म्हसळ्यातच राहते आहे.

माहीनशी बोलशील तेव्हा दुवा सांग. लोभ ठेव, थोडा असला तरी चालेल, आकडा मात्र खरा कळव.

तुझी अम्मी,
कुबरा