अंगठा आणि बारा डझन हातमोजे

जैनथ
१२ जानेवारी २०२५

चि. प्रीतीस,
काकाचा जय भीम आणि आशीर्वाद.

माझ्या मोबाईलने मला ओळखायचं सोडलं आहे. बावीस वर्षं जिनिंग मिलचा स्टोअरकीपर, गेटवरचं कुत्रंसुद्धा मला उठून मान देतं. आणि नऊ हजारांचं यंत्र म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा! नोंदवलेला डावा अंगठा पट्टीत आहे. पासवर्ड विसरलो. म्हणून पत्र.

अंगठ्याचं विशेष काही नाही.

बातमी अशी की तुझ्या यादीबरहुकूम हातमोजे आले. कापसाच्या गठाणींच्या लोखंडी पट्ट्या कापणाऱ्यांना चामड्याचे. बॅटरीत तेजाब भरणाऱ्या नागनाथला कोपरापर्यंत रबरी. रॉकेलने यंत्रं पुसणाऱ्यांना नायट्राईल नावाच्या रबराचे, कारण रॉकेलने साधं रबर फुगतं. आणि फिरत्या रोलरजवळ मोजेच नाहीत. आधी मशीन बंद, मग हात.

मापं कोणालाच ठाऊक नव्हती. रोलरवरच्या आशाबाईने कासारासारखे एकेकीचे हात दाबून पाहिले. "हिले सात. हिले आठ, भाकरी थापू थापू पंजा झाला!" नागनाथनेही हात पुढे केला, "माह्या बी भरा ना जी बांगड्या, हिरव्याच." सारी मिल हसली.

आता अंगठा. तुमच्या भाग्यश्रीच्या साक्षगंधात, साखरपुड्याच्या पंगतीत, तू ती यादी दिलीस, तेव्हा मी चारचौघांत म्हणालो, "दोन वर्षं सेफ्टीचा कोर्स केला, आता काकाला शिकवते." तू ताटावरून उठलीस. तेव्हापासून फोन नाही. मी यादी खिशात घातली, मिलमध्ये हसण्यावारी सांगितली आणि बारा डझन सुती मोजे सगळ्यांना वाटले. कापसाच्या गावात सुतीच शोभतात, हे माझं शास्त्र.

आशाबाई रोलरजवळ ते घालेना. म्हणून मीच घालून दाखवायला गेलो. सुटलेला धागा रोलरने धरला.

"बाबू, हात वढा! मोजा जाऊ द्या!" तिने मशीन बंद करायचं बटण दाबलं. मोजा ढगळ होता, निघून गेला, नखावर भागलं. मग म्हणते, "काऊन जी बाबू, आता तरी पोरीचं आयकान का?"

काल तुमच्या घरी भाग्यश्रीच्या लग्नाची बैठक होती. माणसं तीच, फक्त तू नव्हतीस. चहा यायच्या आधी मी उभा राहिलो आणि म्हणालो, "प्रीतीचं बरोबर होतं. माझ्या हट्टाने आशाबाईचा हात गेला असता."

एवढं बोलून मी बसलो.

तुझा,
दहाही बोटं शाबूत असलेला काका,
खुशाल