वाणात दिलेली बोट

नाना, तुमच्या जावयांनी काल तुमची वही पुन्हा कपाटातून काढली. टेबल पुसून, हात धुऊन बसले आणि पानं अशी उलटत होते की जणू ती त्यांनीच लिहिलीत. अक्षर माझं आहे, अकरा वर्षांच्या मुलीचं, गोल आणि रेघ न सोडणारं. तरी वही त्यांची, कारण तुम्ही ती त्यांना दिलीत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पिकले, पण ती वही बाहेर आली की माझ्या पोटात अजून दुखतं. याला हेवाच म्हणतात, उगाच दुसरं नाव कशाला देऊ.

आपल्या दोन खोल्यांत आपण तिघं आणि ती बोट, असे चौघं राहत होतो. तिचं नाव घरात कोणी घेत नसे. तुम्ही नुसतं 'ती' म्हणायचात आणि आई म्हणायची 'तुमची ती'. पहिलं महायुद्ध चालू असताना इंग्रजांनी पाण्यात सोडलेली युद्धनौका. त्या युद्धातली सगळ्यात मोठी आरमारी लढाई झाली तेव्हा ही बंदरातच. दुसऱ्या युद्धापर्यंत म्हातारी झालेली, म्हणून मालाच्या बोटींची राखण करायला अटलांटिकवर, मग हिंदी महासागरात, मग दुरुस्तीला अमेरिकेत. शेवटी रशियाला उसनी दिली, ती परत आली तेव्हा तोफांचे बुरूज फिरेनात, आणि मग भंगारात. आई म्हणायची, "धड लढली नाही, धड घरी बसली नाही, आणि हिचं केवढं ते कौतुक." माझा वर्गात कितवा नंबर आला ते तुम्हाला दर वेळी नव्यानं सांगावं लागे. तिचे बॉयलर किती, हे तुम्ही जेवताना, भाताचा घास हातात धरून सांगायचात.

तुम्ही गोदीच्या ड्रॉइंग ऑफिसात होतात, तिथल्या जुन्या मासिकांतून आणि म्हाताऱ्या फिटरांच्या तोंडून तिची एकेक हकीगत गोळा करायचात. एका कागदावर एक नोंद. दर रविवारी सकाळी मी त्या नोंदी जाड पुठ्ठ्याच्या वहीत उतरवायची. मराठीतच, कारण तुम्ही म्हणायचात, इंग्रजीत ती त्यांची, मराठीत लिहिली की आपली. नोंदींना आकडे शेवटी टाकू, असंही म्हणायचात. मला त्यातलं काही समजत नव्हतं आणि तुम्ही समजावून सांगतही नव्हतात. पण तेवढा एक तास तुम्ही माझ्या शेजारी बसायचात, आणि मी मुद्दाम हळू लिहायची.

मग तो बक्षीस समारंभ. सुंदर अक्षराचं पहिलं बक्षीस मला मिळणार होतं आणि तुम्ही येतो म्हणाला होतात. आला नाहीत, कारण कोणीतरी तिचा एक फोटो घेऊन घरी आलं होतं. मी शाईचं पेन मिरवत आले. तुम्ही पेन हातात घेऊन पाहिलंत, छान आहे म्हणालात, आणि पुढच्याच वाक्यात, "ते सातवं पान पुन्हा लिही, शाई फुटलीय." त्याच संध्याकाळी मी तुमच्या नोंदींच्या चवडीतला एक कागद काढून भूमितीच्या पुस्तकात ठेवला. तुमच्या लक्षात येतं का एवढंच मला बघायचं होतं. आठवड्यानं आलं. तुम्ही ट्रंका उपसल्यात, आणि त्याच आठवड्यात आईनं रद्दी घातलेली होती. तुम्ही तिच्यावर असे ओरडलात की शेजारच्या काकू दारात आल्या. मी आतल्या खोलीत प्रमेय पाठ करत होते.

तो कागद तेवढा वहीत उतरवायचा राहिला. वही पुरी झाली तेव्हा मी आकडे टाकले, एक ते तेहतीस.

लग्नानंतर मी अमेरिकेत आले; तिथल्या ॲन आर्बरच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये तुम्ही दोघं आलात तो उन्हाळा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. तुमच्या सामानात लोणची, मेतकूट आणि ती वही. मला वाटलं, माझ्यासाठी आणलीय. पण तुम्ही आणि तुमचे जावई रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसता, ते मोटारींचे इंजिनियर, टर्बाइन म्हटलं की त्यांना कळतं, आणि मी ओट्याशी पोळ्या लाटते. इतकं बोलणारे नाना मी त्याआधी पाहिले नव्हते. "नाना, ज्या डॉकमध्ये तिचं रिपेअर झालं ते बघून येऊ ना," हे म्हणाले, "मी फ्रायडे ऑफ घेतो, दहा तासांचा ड्राइव्ह आहे फक्त." मीही येते म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, "तू कशाला? तुला कंटाळा येईल." कंटाळा, नाना? निब झिजेपर्यंत मी तिला लिहिलं होतं. तुम्हाला आत कोणी सोडलं नाही. कुंपणाबाहेर उभे राहून दोघांनी फोटो काढून घेतलात. तो आमच्या हॉलमध्ये आहे.

तो अधिक श्रावण होता आणि आईला जावयाला वाण द्यायचं होतं, तेहतीस अनारशांचं. तिनं तांदूळ तीन दिवस भिजवले, गूळ नव्हता म्हणून ब्राउन शुगर घातली, आणि पहिला अनारसा तुपात सोडला तसा तो हसला. दुसरा हसला, तिसराही. कढईत नुसता चुरा. आई हातपाय गाळून खुर्चीत बसली. तेव्हा तुम्ही उठलात, आतून वही आणलीत, ताटात ठेवलीत, वर निरांजन. "मोजून तेहतीस नोंदी आहेत, जावईबापू. हेच वाण." ह्यांनी वाकून नमस्कार केला. मी निरांजनाला तूप घालत होते.

माझी लेक तेव्हा पाच वर्षांची. तिनं विचारलं, "आजोबा, डिड इट विन?"

"नाही गं."

"देन व्हाय डू यू लव्ह इट?"

तुम्ही उत्तर तिला दिलं नाहीत, ह्यांना दिलंत. "मुंबईला तीन दिवस होती ती. तेव्हा मी आत उतरलो होतो. तीच नोंद नेमकी हिनं रद्दीत घातली." आणि आई, कढईकडे बघत, शांतपणे म्हणाली, "घातली म्हणून तर तेहतीस झाल्या. नाहीतर वाण चुकलं असतं." सगळे हसले. मीही हसले.

काल वही मिटताना ह्यांनी विचारलं, "ते मुंबईचं पान मिसिंग आहे ना, फार खटकतं. तुला काही आठवतं का त्यातलं?" म्हटलं, नाही. ते फिरायला गेल्यावर मी शिवणाच्या डब्यातून तो कागद काढला. तेहतीस नोंदींत सगळीकडे ती आहे, या एकीत तुम्ही आहात. पंपाची मापं घ्यायला मी खाली गेलो, असं लिहिलंय. शिडी संपेना. वरचं झाकण कोणी लावलं तर, असं वाटून हात कापू लागले, म्हणून पहिली मापं चुकली. एका खलाशानं पाणी दिलं. हे घरी सांगितलेलं नाही.

हे मी ह्यांना दाखवणार नाही. तुम्ही त्यांना तेहतीस दिल्यात, पुष्कळ झाल्या. हे पत्रही त्याच घडीत ठेवून देते. फक्त आईला सांगायला हवं होतं. शेवटच्या दुखण्यात तिनं मला विचारलं, "खरंच मीच घातला असेन का गं तो कागद?" आणि मी तिच्या पायांवर पांघरूण ओढत म्हटलं, "असशील."