बोरडोहच्या विहिरीवर थांबणारी मोटार

माझ्या मोटारीची कागदावरची किंमत अठरा हजार रुपये. खरी किंमत अशी: अठरा हजार, अधिक तीन रेडिएटर, अधिक पत्नीची सोन्याची पोत, अधिक गफ्फार मिस्त्रींच्या घराचा वरचा मजला, जो मी दिलेल्या मजुरीतून चढला. बाकीची मिळकत त्या मानाने स्वस्तात पडली. तिची व्यवस्था खाली लिहितो.

मी, वामन लहानूजी रामटेके, वय चौसष्ट, धंदा धान भरडाईची गिरणी, राहणार मूल, जिल्हा चंद्रपूर. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दाब नाही, दारू पीत नाही. कान असे की गिरणीचा पट्टा तुटायच्या आधी मी हमालाला बाजूला ओढतो. माझ्या माघारी काय करायचे याची घरातली कुजबूजही कानी आली आहे, म्हणून हे मृत्युपत्र आजच लिहून ठेवतो.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी अंजनाबाईची. शिल्लकीतून आधी तिची पोत करावी, माझ्या मरणानंतरचे पुण्यानुमोदन मग.

२. गिरणी मुलगा राष्ट्रपाल याची. याच गिरणीत मी पाठीवर पोती वाहिली आणि पुढे तीच विकत घेतली. त्याने पोते उचलावे असा आग्रह नाही, पण उचलणाऱ्याला अरेतुरे करू नये.

३. मोटार. ही मी बल्लारपूरच्या एका लाकूड ठेकेदाराकडून घेतली. तो म्हणाला, "भाऊ, गाडीत खोट नाई. पाणी थोडं जास्त पिते." 'थोडं' म्हणताना तो खाकरला. ते मी ऐकले, पण रंगावर भुललो होतो. गफ्फारभाईंनी रेडिएटरला झाळ लावली, तर पाणी नळीतून गळू लागले. नळी बदलली, तर पंपातून. शेवटी त्यांनी रेडिएटरमध्ये हळद टाकायला सांगितली, म्हणजे भोके बुजतात. अंजनाबाई ओरडली, "आमी वरणात चिमूटभर टाकतो, अन् इंजनाले वाटीभर! लगन लागून राह्यलं का त्याचं?"

तरीही ही मोटार रस्त्यात टाकून मी दुसऱ्याच्या गाडीत बसलो, असे आजवर एकदाही घडलेले नाही, हे अभिमानाने नमूद करतो.

४. राष्ट्रपाल ओसरीवर आईला म्हणाला, "बाबाच्या मांगं हे भंगारात देऊ, फटफटी घेऊ." मी न्हाणीत होतो. सबब मोटार त्याला नाही. ती मुलगी सत्यशीला हिला द्यावी. ती नर्स आहे, गाडी चालवते, आणि वाफ निघाली तरी घाबरत नाही. मात्र एक अट आहे. चंद्रपूरला जाताना तिने बोरडोहला थांबावे.

मोटार नेमकी तिथेच उकळते. रस्त्याला लागून गावच्या जुन्या जमीनदारांची, श्रीहरीजी मालगुजारांची, विहीर आहे. माझे वडील याच रस्त्याने पायी जात, आणि विहिरीपासून लांब बसून, कोणी वरून ओंजळीत पाणी ओतेल का, याची वाट पाहत. मोटार पहिल्यांदा तिथे थांबली तेव्हा मालगुजार ओट्यावर बसले होते.

"कोणाले पाह्यजे पाणी?"

"इंजनाले, मालक."

"मंग काढ. इंजनाले काय विटाळ?"

मी बादली सोडली, इंजिनाला पाजले. मग दुसरी बादली ओढली आणि त्यांच्यादेखत मी प्यालो. पुढच्या खेपेला मी उतरायच्या आत त्यांनी दोर सोडून ठेवला होता. आता फार दिवस गेलो नाही तर विचारतात, "काऊन वामनराव, गाडी सुधरली का काय?"

म्हणून सत्यशीलाने गळती बुजवायची तर खुशाल बुजवावी, पण त्या विहिरीवर थांबावे, दोर आपल्या हाताने ओढावा, आणि लेकरांना तिथेच पाणी पाजावे. अट मोडली तर मोटार भंगारात जावी आणि राष्ट्रपालने फटफटी घ्यावी. ती अट पाळते की नाही यावर तो डोळा ठेवील, याची मला खात्री आहे.

५. गफ्फारभाईंना काही ठेवत नाही. त्यांनी माझ्या हयातीतच घेतले आहे. त्यामुळे साक्षीला ते मोकळे.

दुसरी साक्ष चंद्रपूरच्या वकिलांची व्हायची होती. ती श्रीहरीजी मालगुजारांनी केली, विहिरीच्या ओट्यावर कागद ठेवून. त्यांनी विचारले, "माहं नाव हाये का यात?"

"हाये. भेटत काईच नाई."

"मंग आण इकडं."

वरील सर्व मी स्वतः लिहिले, दोघांसमोर सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर.

साक्षीदार:
१) शेख गफ्फार, मोटार मिस्त्री, मूल
२) श्रीहरी मालगुजार, बोरडोह

सही: वामन लहानूजी रामटेके
ठिकाण: बोरडोह, विहिरीजवळ
दिनांक: ११ फेब्रुवारी १९८६

ता. क. मोटार विहिरीपाशी उभी आहे. गफ्फारभाई खाली शिरले आहेत. हा कागद घेऊन मी मालगुजारांच्या बैलगाडीत बसलो आहे, एसटीच्या थांब्यापर्यंत.